"मला चढत नाहीं!"

आपल्या मुलुखांत शूरांची एक नवी जमात वाढत चालली आहे. तिला शिवाशिव नाहीं, पंक्तिभेद नाहीं. ती गुत्त्यावर भेटते, लग्नाच्या वरातींत भेटते, शिवरात्रीच्या भांगेच्या पातेल्याभोंवतीं भेटते आणि शहरांतल्या शिकल्यासवरलेल्या तरुणांच्या खोल्यांतही भेटते. तिचा गुरुमंत्र एकच : "मला चढत नाहीं. कितीही घेतली तरी माझें डोकें ठिकाणावर असतें." या वीरांस आमचा सरळ सवाल आहे. डोकें ठिकाणावर आहे, ही ग्वाही तुम्हांस कोणीं दिली? त्याच डोक्यानें ना? मग आरोपीनेंच न्यायासनावर बसावें आणि स्वतःस निर्दोष सोडावें, यापेक्षां हा न्याय वेगळा कसा?

पाय लटपटले तर डोळ्यांना दिसतें, जीभ जड झाली तर कानांना कळतें. पण ज्या बुद्धीनें हें सारें पारखावयाचें, तीच पेल्यांत भिजलेली असते. कुंपणच शेत खाऊं लागल्यावर राखण कोणीं करावी? सरकारला हें पुरतें ठाऊक आहे. रस्त्यावरचा पोलीस गाडी हांकणाऱ्याला "बाबा, तूं शुद्धीवर आहेस काय?" असें विचारून सोडून देत नाहीं, नळींत फुंकर मारावयास लावतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सांपडला कीं गुन्हा झाला. तेथें "मला चढत नाहीं" ही सबब चालत नाहीं.

भांगेची गोष्ट तर याहून नामी. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें गांजाच्या व्याख्येंतून झाडाचीं नुसतीं पानें वगळलीं. तेवढ्यावरून भांग म्हणजे जणूं गाईचें दूध अशी कित्येकांची समजूत झाली. चिलमीचा धूर कांहीं मिनिटांत डोक्यांत जातो. प्यालेली भांग मात्र पोटांतून, यकृतांतून फिरत येते आणि तिला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. आमचा वीर पाऊण तास वाट पाहतो, "छे, मला कांहींच होत नाहीं" म्हणतो आणि दुसरा पेला रिचवतो. मग दोन्ही पेले एकदम अंगावर येतात. त्यानंतर बोलतां बोलतां वाक्याचा आरंभच विसरतो, पांच मिनिटें तासाएवढीं वाटतात. ज्याला पहिली पायरी आठवत नाहीं, तो विचाराचा जिना कसा चढणार?

"अडाण्यांचें सोडा," असें एखादा पदवीधर म्हणेल. मग शास्त्रज्ञाचीच साक्ष घ्या. स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानें एल्‌एस्‌डी हें आपणच तयार केलेलें द्रव्य १९ एप्रिल १९४३ रोजीं मुद्दाम घेऊन पाहिलें. मात्रा पाव मिलिग्रॅम. ती अगदीं अल्प असा त्याचा हिशेब होता, आणि तोच चुकला. थोड्याच वेळांत टिपण लिहिणें अशक्य झालें. सहायिकेला बरोबर घेऊन तो सायकलीनें घरीं निघाला. आपण जागचे हलतच नाहीं असें त्याला वाटत होतें; सायकल वेगानें धांवत होती, हें मागाहून सहायिकेनें सांगितलें. दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला चेटकीण भासली, आपण आतां मरतों असें वाटूं लागलें. डॉक्टरांनीं तपासलें तों विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज वावगें कांहींच सांपडलें नाहीं. आपण काय घेतलें आहे हें पक्कें ठाऊक असूनही तेवढ्या ज्ञानानें भीति हटली नाहीं. त्याचें शहाणपण कामीं आलें तें दोनच ठिकाणीं : घेतांना वेळ व मात्रा लिहून ठेवण्यांत, आणि शुद्धीवरचें माणूस सोबत असण्यांत.

दुसरी फसवणूक अधिक घातक आहे. चिलीम ओढली कीं "ज्ञान होतें" असें सांगणारे बुवा आमच्याकडे थोडे नाहींत. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं हास्यवायु हुंगला आणि त्या भरांत सुचलें तें लिहून काढलें. लिहितांना तें विश्वाचें रहस्य वाटलें. शुद्धीवर येऊन वाचतां अर्थहीन बडबड निघाली. हें त्यांनीं स्वतःच १८८२ सालीं छापून प्रसिद्ध केलें. "पटलें" ही भावना निराळी आणि पटण्याजोगें कारण निराळें. नशा भावना फुकट वांटते, कारण देत नाहीं. जेम्सनें आपला कागद नशा उतरल्यावर तपासला. आमचा भगत नशा उतरण्यापूर्वींच कागदावर अंगठा उमटवून मोकळा होतो!

शेतकरी-कामकरी बंधूंनो, ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नाहीं. जमिनीची इसारपावती बाटलीबरोबरच पुढें कां येते? मताचा सौदा रात्रींच कां ठरतो? समोरचा शुद्धीवर असतो म्हणून! १८७२ चा कराराचा कायदा म्हणतो कीं, अटी समजूं नयेत इतक्या नशेंत असलेल्या माणसाला तेवढ्या वेळांत करार करतां येत नाहीं. खरें, पण सकाळीं वास उडालेला असतो आणि अंगठा तेवढा राहिलेला असतो. आणि नशेंत हात उगारलात तर? खुशीनें घेतलेल्या नशेची सबब जुन्या दंडसंहितेनें मानली नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेली भारतीय न्याय संहिताही मानत नाहीं. म्हणजे फायदा दुसऱ्याचा आणि तुरुंग तुमचा.

घेऊंच नये, हें आमचें मत आहे व तें आम्ही लपवीत नाहीं. पण घेणारच असाल, तर नशेंत शहाणें राहण्याची बढाई सोडा. शहाणपण नशेच्या आधीं करा. मात्रा आधीं ठरवा. गाडीची किल्ली व पैशाची थैली न पिणाऱ्याच्या हवालीं करा आणि त्या रात्रीं त्याचाच शब्द अखेरचा माना. नशेंत सही नाहीं, शपथ नाहीं, भांडणाचा निकाल नाहीं. तेव्हां जें खरें वाटलें तें दुसऱ्या दिवशीं उन्हांत ठेवून पाहा. टिकलें तर खरें.

दुसऱ्यानें विचार करावा आणि आम्हीं मान डोलवावी, ही रीत मोडण्यासाठीं आमच्या वाडवडिलांनीं शिव्याशाप सोसले. पोथीपाशीं गहाण पडलेली बुद्धि त्यांनीं मोठ्या कष्टानें सोडवून आणली. ती आतां पेल्यापाशीं टाकणार असाल, तर सावकार बदलला एवढेंच म्हणावें लागेल. गहाण तेंच!