लिलाव आणि दाखला

आमच्या घरीं रात्रीचें जेवण अजून एकाच पंक्तीला होतें. आणि पंक्तीला वाद नसला तर ताकाला चव येत नाहीं, असें आमच्या वहिनी म्हणत असतात. पूर्वीं हे वाद राजकारणाचे असत, मध्यंतरीं ते जमिनीच्या वांटणीचे झाले, हल्लीं ते कबड्डीचे असतात. परवां पुण्याहून पुतण्या आला होता. राहतो पुण्यांत, पण पक्ष धरतो यू मुंबा संघाचा. आणि आमचा थोरला नातू पुणेरी पलटणचा. विषय निघाला सिद्धार्थ देसाईचा, आणि हात वाळले तरी पाटावरून कोणी उठेना.

ज्या वाचकांस ही हकीकत ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. कोल्हापूर जिल्ह्यांतील चंदगड तालुक्याचा हा गडी 2018 सालीं प्रो कबड्डीच्या लिलावांत यू मुंबानें 36 लाख 40 हजार रुपयांस घेतला. तोंवर त्याचें नांव या खेळाच्या वर्तुळाबाहेर फारसें कोणीं ऐकलें नव्हतें. त्या एका हंगामांत त्यानें चढाईचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले. मुंबईकरांनीं त्याला डोक्यावर घेतलें, आणि पुढील वर्षीं संघानें त्यास राखलेंच नाहीं! 2019 च्या एप्रिलांतील लिलावांत तेलुगू टायटन्स संघानें 1 कोटी 45 लाख रुपये मोजून त्यास नेलें. त्या वर्षीं प्रत्येक संघास सारे गडी घेण्यासाठीं 4 कोटी 40 लाखांची थैली ठरवून दिलेली होती. तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा या एका गड्यावर खर्च झाला.

"रोप आम्ही लावायचें, पाणी आम्ही घालायचें, आणि पहिला बहर आला कीं आंबे शेजाऱ्यानें उतरावयाचे, हा कुठला न्याय?" पुतण्या म्हणाला.

नातू वाणिज्य शाखेचा. तो शांतपणें म्हणाला, "काका, थैली एकावरच रिकामी केली तर बाकीचे सहा गडी आणायचे कोठून? त्या वर्षीं यू मुंबा उपांत्य सामन्यापर्यंत गेला. तेलुगू टायटन्स बारांत अकरावे आले."

आंकडे खरे होते. पुतण्या गप्प झाला. पण त्याचें समाधान झालें नाहीं, हें त्यानें भातावर पुन्हां तूप न मागितल्यावरून आम्हीं ओळखलें. संघाचा हिशेब नातवानें बरोबर मांडला होता. परंतु चाहता संघाकडे हिशेबाची वही घेऊन जात नाहीं. एखाद्या मुलाला त्याची पहिली चढाई आपण पाहिली म्हणून आपण आपला मानतों, आणि पुढच्या हंगामांत तोच मुलगा दुसऱ्या रंगाचा सदरा घालून आपल्याच गड्यांना बाद करूं लागतो. हें दुःख मूर्खपणाचें असेल, पण खोटें नाहीं.

इतक्यांत आमची धाकटी नात, जी नववींत आहे आणि जिला या वादांत कोणी विचारीत नाहीं, ती म्हणाली, "पण त्याला कोणीं विचारलें का, तुला कोठें जायचें आहे म्हणून?"

पंक्तीवर कोणीं उत्तर दिलें नाहीं.

लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. वस्तु मात्र जुनीच आहे. ऐतरेय ब्राह्मणांत शुनःशेपाचें आख्यान आहे. अजीगर्त ऋषि उपासमारीनें गांजलेला. त्याला तीन मुलगे. शंभर गाई घेऊन राजपुत्र एक मुलगा मागावयास आला तेव्हां बाप म्हणाला, थोरला देणार नाहीं. आई म्हणाली, धाकटा देणार नाहीं. मग मधल्याचा सौदा झाला. मधल्याला कोणीं विचारलें नव्हतें. पुढें यूपाला बांधण्याचे आणखी शंभर व शस्त्र चालविण्याचे आणखी शंभर त्याच बापानें घेतले. मुलगा देवांच्या स्तुतीनें सुटला, आणि बाप 'परत ये' म्हणाला तेव्हां गेला नाहीं. तो विश्वामित्राचा पुत्र होऊन राहिला. आम्हीं हें आख्यान वर्षानुवर्षें मुलांना सांगितलें आहे. तिनशें गाईंचा आंकडा मुलांना बिनचूक आठवतो.

फुटबॉलच्या देशांत हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. 1905 च्या फेब्रुवारींत आल्फ कॉमन नांवाच्या खेळाडूस मिडल्सबरो संघानें संडरलंडकडून एक हजार पौंडांस घेतलें. चार आंकडी किंमत प्रथमच मोजली गेली, आणि माणूस असा विकत घ्यावा का, यावर इंग्लंडांत मोठा गहजब झाला. मिडल्सबरो मात्र त्या वर्षीं खालच्या वर्गांत घसरण्यापासून वांचलें. मग गहजब हळूहळू निवाला, आणि किंमत मात्र चढत गेली.

तथापि लिलावाला सरसकट नांवें ठेवणें आम्हांस पटत नाहीं. 2014 पूर्वीं आपल्याकडील उत्तम चढाई करणाऱ्याची मोठ्यांत मोठी उडी म्हणजे रेल्वेंत अथवा पोलिसांत नोकरी. देसाईलाच पाहा. मुंबईनें त्यास प्रेमानें राखलें असतें तर कदाचित् 1 कोटी 45 लाख त्याच्या घरीं आले नसते. दुखापतीनें एक हंगाम वायां गेला तेव्हां, 2022 सालीं, तोच गडी 20 लाखांस गेला. आणि त्याच्या पुढच्याच वर्षीं हरियाणा स्टीलर्सनें त्यास एक कोटी दिले. बाजाराला स्मरणशक्ति नाहीं, ही गोष्ट खेळाडूच्या बाधक तशीच साधकही ठरते.

आमच्या नातवाचा हुकमी पत्ता म्हणजे अस्लम इनामदार. तो आमच्याच जिल्ह्याचा, म्हणजे 2024 पासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या नगर जिल्ह्याचा. तो लिलावांतून नव्हे, तर नव्या तरुण खेळाडूंच्या योजनेंतून पुणेरी पलटणमध्यें आला, तेथेंच टिकला, कर्णधार झाला, आणि 1 मार्च 2024 रोजीं त्याच्या नेतृत्वाखालीं पुण्यानें पहिलें विजेतेपद मिळविलें. "राखलें कीं असें होतें," असें नातू म्हणतो. पण त्याच विजयी संघांतला इराणी गडी शादलूई, ज्याला 2 कोटी 35 लाख देऊन आणला होता, त्याला पुण्यानें लगेच सोडलें. आणि डिसेंबरांत विजेतेपद त्याच्यासह हरियाणाला गेलें. हें पुतण्यानें ऐकविलें तेव्हां नातू पाणी आणावयास उठला.

आम्हीही उठलों, पण तें निराळ्या कारणानें. नातीचा प्रश्न आम्हांस लागला होता.

1996 सालीं आम्ही प्रवरेकांठच्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों, आणि कबड्डीचा संघही आमच्याकडेच होता. संस्कृतच्या मास्तराकडे कबड्डी कां, तर दुसऱ्या कोणास संध्याकाळीं मैदानावर थांबावयाचें नव्हतें. आठवींत एक मुलगा होता. घर पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेलें आणि पुढें गांवांतच राहिलेलें. अंगानें शेवग्याची शेंग; पण चढाईला गेला कीं त्याचा भार कोणत्या पायावर आहे हें पकडणाऱ्यास कळत नसे. त्या जूनमध्यें पुण्याच्या एका क्रीडा-वसतिगृहांत त्याची निवड झाली. जुलैअखेर शाळेचा दाखला तेथें पोंचावयास हवा होता. आणि तालुक्याचे सामने होते ऑगस्टांत.

आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. आधीं कारकून रजेवर असल्याचें सांगितलें. मग कसली तरी फी बाकी निघाली. त्याचे वडील तीनदां सायकलवरून आले. तिसऱ्या खेपेस ते टोपी हातांत घेऊन व्हरांड्यांत बसून राहिले, आणि आम्ही वर्गांत धातुरूपें म्हणून घेत राहिलों, रोजच्यापेक्षां मोठ्यानें. तालुक्याची ढाल आम्हीं जिंकली. जिल्ह्यांत दुसऱ्याच फेरींत हरलों. तोंवर पुण्याची जागा दुसऱ्या कोणास गेली होती. ढाल अजून मुख्याध्यापकांच्या कपाटांत आहे. वीतभर उंचीची आहे.

तो मुलगा दहावी झाला आणि दूध-संकलन केंद्रावर लागला. आज तो चाळिशी ओलांडून गेला आहे. या गोष्टीविषयीं त्यानें कधीं एक शब्द काढला नाहीं. सकाळीं आम्ही दुधाला गेलों कीं माप भरल्यावर तो थोडें वर ओततो; आणि आम्हीं कितीही नको म्हटलें तरी ओततो.

यंदाच्या जूनमध्यें तो घरीं आला. त्याची मुलगी आठवींत आहे. तिची अशाच एका वसतिगृहासाठीं निवड झाली आहे. "सर, शाळेंत एक शब्द टाकाल का? दाखला आठ दिवसांत पाहिजे," एवढेंच तो म्हणाला. जुनी शाळा तीच. आम्ही त्याला म्हटलें, मुलीलाही घेऊन ये. ती आली. पुण्याला एकटी राहशील का, असें आम्हीं तिला विचारलें. तिनें बापाकडे न पाहतां 'हो' म्हटलें.

दुसऱ्या दिवशीं तिघेंही गेलों. कारकुनानें वाचनालयाचीं दोन पुस्तकें बाकी काढलीं. त्यांचे पैसे आम्हीं भरले. हल्लींचा कबड्डीचा मास्तर तरुण आहे, तो दारांत येऊन म्हणाला, "सर, ऑगस्टांत आपले सामने आहेत." आम्ही म्हटलें, "ठाऊक आहे." तो कांहीं वेळ उभा राहिला आणि गेला. कारकुनानें विचारलें, शाळा सोडण्याचें कारण काय लिहूं? आम्ही बोलणार होतों, इतक्यांत मुलीनेंच सांगितलें. सही आणि शिक्का होईपर्यंत आम्ही तेथेंच बाकावर बसून राहिलों.