आधी उंची मोजा

अतिदक्षता विभागातल्या केसपेपरवर रुग्णाचे वजन बहुधा अंदाजाने लिहिले जाते आणि उंचीचा रकाना अनेकदा कोराच राहतो. व्हेंटिलेटरवरच्या स्त्रीला या हलगर्जीची किंमत फुप्फुसांनी मोजावी लागते.

एआरडीएस या फुप्फुसांच्या जीवघेण्या विकारात दर श्वासाला 12ऐवजी 6 मिलिलिटर प्रतिकिलो हवा दिली, तर मृत्यूचे प्रमाण जवळपास 40 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर येते, असे अमेरिकेतील चाचणीने 2000 सालीच दाखवून दिले. यातले किलो वजनकाट्यावरचे नसतात; ते उंची आणि लिंगावरून सूत्राने काढतात. 170 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला त्यानुसार सुमारे 395 मिलिलिटर हवा लागते, 150 सेंटिमीटरच्या स्त्रीला फक्त 260. तिलाही सवयीने 400चाच आकडा लावला, की आधीच सुजलेल्या फुप्फुसांत दीडपट हवा जाते. तीही मिनिटाला वीसेक वेळा, रात्रंदिवस! 2014 मध्ये 50 देशांत झालेल्या पाहणीतही कमी उंचीच्या स्त्रियांना सुरक्षित मात्रा कमी मिळत असल्याचे दिसले. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले तर आपल्याकडचा धोका वेगळा सांगायला नको.

औषधांचीही तीच गत. हृदय कमजोर झालेल्यांना डिगॉक्सिन देऊन झालेल्या मोठ्या चाचणीत स्त्रिया होत्या जेमतेम 22 टक्के. औषधाने मृत्यू वाढत वा घटत नाहीत, असा निष्कर्ष 1997 मध्ये निघाला. स्त्रियांचे आकडे वेगळे काढले गेले ते 2002 मध्ये. तेव्हा कळले, की औषध घेणाऱ्या स्त्रियांत 33.1 टक्के दगावल्या, न घेणाऱ्यांत 28.9 टक्के. असे मागाहून काढलेले निष्कर्ष जपूनच वापरायला हवेत, हे मान्य. पण मुळात चाचणीतच स्त्रिया पुरेशा नसतील तर खात्रीचे उत्तर मिळणार कुठून?

संशोधन सुधारायला वर्षे लागतील. उंची मोजायला एक टेप आणि एक मिनिट पुरते. झोपलेल्या रुग्णाची टाळूपासून टाचेपर्यंत मोजता येते. तेही जमत नसेल तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून काढता येते. करोनाकाळात व्हेंटिलेटर जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचले. आता राज्याच्या आरोग्य विभागाने प्रत्येक व्हेंटिलेटरच्या नोंदवहीत मोजलेली उंची आणि त्यावरून ठरवलेली हवेची मात्रा लिहिणे सक्तीचे करावे. त्यासाठी नव्या निधीची गरज नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे.