पाव आणि जमीन

वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे मेक्सिकोतील चापिंगो येथे कृषिशास्त्राचे प्राध्यापक झाले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रात ते निरनिराळ्या वंशांच्या माणसांत बसून पाव मोडताना दिसतात. परंतु मेक्सिकोची क्रांती पावाशी थांबली नाही. १९१७ च्या संविधानाच्या सत्ताविसाव्या कलमाने भूमिहीन गावांचा जमिनीवरील हक्क मान्य केला. केवळ सहभोजनाने जात नष्ट होत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेदाविना कसावयास द्यावी, अशी मागणी केली. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या स्नेहभोजनांत आम्ही एका पंक्तीस बसतो, तरी ताट वाढण्यापूर्वी आडनाव विचारले जाते. मुलांना पंक्तीबरोबर ही मागणीही समजावून सांगणे, हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. जय भीम.