सांत्वनास मोल नसावे

अन्नछत्र उघडले, डोक्यावर छप्पर दिले, म्हणजे निर्वासिताचे दुःख संपले, असा पुष्कळ सद्गृहस्थांचा समज दिसतो. तो यथार्थ नाही. पोटाची आग शमल्यावरच गेलेले घर आठवू लागते व वाटेत अंतरलेली माणसे रात्री झोपू देत नाहीत. ह्या जखमेस औषध कोणते, हे महाराष्ट्राने स्वतःच्या अंगणात दोनदा पाहिले आहे.

कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका व मुले. सोव्हिएट सत्तेने १९४० च्या सुमारास त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे धाडले होते. तेथून इराणमार्गे ते येथवर पोहोचले. छावणीत त्यांनी शाळा चालविल्या, बालवीरांची पथके काढली आणि हिंदू संस्थानच्या भूमीवर आपले ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभारले. कॅथॉलिक पंथात २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस. ज्यांच्या कबरीचा ठाव नाही, अशांची नावे घेऊन चारचौघांत रडण्याची सोय धर्माखेरीज कोण करून देतो? पुढे त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. आजची गांधीनगरची पेठ ती हीच.

दुसरे उदाहरण चांद्याचे. १९६४ च्या दंगलींनंतर पूर्व पाकिस्तानातून निघालेली बंगाली कुटुंबे ह्या अरण्यप्रदेशात वसविण्यात आली. आज गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावे आहेत. ह्यांतील पुष्कळ जण नमःशूद्र असून हरिचाँद ठाकुरांच्या मतुआ पंथाचे आहेत. ह्याच पंथाचे धुरीण गुरुचाँद ठाकुर ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओराकांदी येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी डॉ. मीड ह्यांच्या साहाय्याने शाळा काढली. परंतु आपला पंथ सोडला नाही. ख्रिस्ती सेवेचा लाभ घ्यावा व आपला देवही राखावा, हे त्या पुरुषास साधले.

कोणी म्हणतील, आर्तांपुढे धर्म मांडणे म्हणजे गळास आमिष लावणे. ही शंका निराधार नाही. पण तिचा निवाडा सोपा आहे : सांत्वन करणारा मोबदल्यात काही मागतो काय? मागत असेल, तर तो व्यापार होय, मग मागणारा कोणत्याही धर्माचा असो. मागत नसेल, तर त्यास अडविण्याचा अधिकार कोणासही नाही. राज्यघटनेचे २५ वे कलमही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य ह्यांच्या अधीन राहून धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देते.

तथापि दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. कीर्तनाने वा प्रार्थनेने अश्रू पुसले जातील. हक्क मिळणार नाहीत. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातींत गणले जातात. महाराष्ट्राच्या यादीत त्यांचा समावेश नाही. ३४१ व्या कलमान्वये ही यादी राज्यवार असते व तीत बदल संसदच करू शकते. सरकारने ज्यांस स्वतः ह्या रानात आणून वसविले, त्यांच्या नातवंडांनी सीमा ओलांडल्याचा दंड कोठवर भरावा?

आमच्या व्यापारी व सुशिक्षित वाचकांस एवढेच सांगणे आहे, की ह्या मागणीच्या अर्जावर आपलीही सही असू द्या. देव ज्याने त्याने आपला निवडावा. न्याय मात्र सर्वांनी मिळून द्यावयाचा असतो.