आजार उलटला की तुकडा पुन्हा तपासा

मा. संचालक,
टाटा स्मारक केंद्र, परळ, मुंबई



परभणीजवळच्या पिंगळीतून हे पत्र लिहीत आहे. आमच्याकडे कुणाला कॅन्सर निघाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "टाटाला दाखवलं का?" 1941 पासून तुमच्या रुग्णालयानं कमावलेला हा विश्वास आहे. म्हणून मागणंही तुमच्याकडेच.

बरा झाला असं वाटलेला आजार उलटतो, तेव्हा रुग्णाच्या पिशवीत गाठीतून तपासणीसाठी काढलेल्या पहिल्या तुकड्याचा जुना रिपोर्ट असतो आणि पुढचे उपचार अनेकदा त्यावरच ठरतात. पण परत आलेली गाठ पहिल्यासारखीच असेल याची खात्री नसते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू हे गुण बदललेले असू शकतात. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये गेफिटिनिबसारखी गोळी काही महिने छान लागू पडते, मग पेशींत नवा बदल होतो आणि वेगळी गोळी लागते. कॅन्सरच्या पेशी अशा पिढ्यान्‌पिढ्या बदलत, निवडल्या जात पुढे जातात, हे पीटर नोवेल यांनी 1976 मध्येच मांडलं होतं.

कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2002 साली बीटी बियाणं आलं, बोंडअळी हटली. 2017 मध्ये त्याच बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीमुळे मराठवाड्यात लोकांनी उभ्या पऱ्हाटीवर नांगर फिरवला. बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची छोटी पुडी यायची. ती कडेनं लावली तर बीटीला बळी पडणाऱ्या अळ्याही थोड्या जगतात आणि चिवट अळ्यांचंच राज्य होत नाही, हा तिचा हेतू. तो शेतकऱ्याला कुणी नीट सांगितलाच नाही.

फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरच्या रॉबर्ट गेटनबी यांनी कीड नियंत्रणातलं हेच शहाणपण पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरला लावून पाहिलं. अबिराटेरॉनच्या गोळीनं रक्तातला पीएसए, म्हणजे या आजाराचा माग दाखवणारा घटक, निम्म्यावर आला की गोळी बंद, पुन्हा मूळ पातळीला चढला की सुरू. 2017 च्या त्यांच्या अहवालात रुग्ण अवघे 11 होते. पण आजार जास्त काळ आटोक्यात राहिला आणि औषध नेहमीच्या निम्म्याहूनही कमी लागलं. जो कॅन्सर मुळातून बरा होऊ शकतो, त्याला ही रीत लावू नये, हे उघड आहे. पण जिथं समूळ नायनाट शक्यच नाही, तिथं गरीब रुग्णाला यापेक्षा मोलाची कल्पना कोणती?

गरिबाच्या खिशाकडे पाहून विज्ञान करणं तुम्हाला नवं नाही. डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये, जिथं निवोलुमॅबचा नेहमीचा डोस 240 मिलिग्रॅम असतो, तिथं तुमच्या डॉक्टरांनी तोंडावाटे द्यायच्या स्वस्त औषधांना फक्त 20 मिलिग्रॅमची जोड दिली. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झालं. तंबाखू-गुटख्यानं तोंडं पोखरलेल्या आमच्या भागात या आकड्यांची किंमत फार मोठी आहे.

म्हणून दोन गोष्टी मागतो. पहिली अशी: परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उलटलेल्या आजाराचा तुकडा, आणि जिथं चालत असेल तिथं नुसतं रक्त, परभणीतच घेतलं जावं. नमुना नॅशनल कॅन्सर ग्रिड या रुग्णालयांच्या जाळ्यामार्फत तुमच्या प्रयोगशाळेत जावा, रिपोर्ट आणि सल्ला परभणीला परत यावा. आजारी माणसाला रात्रभर रेल्वेत बसवून दादरला उतरवण्यापेक्षा तुकड्याच्या काचेच्या पट्टीनं प्रवास केलेला बरा. हा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत स्पष्ट लिहिला जावा, यासाठी सरकारकडे तुम्ही शब्द टाकावा. तुमचा शब्द तिथं ऐकला जातो.

दुसरी गोष्ट, थांबून-थांबून औषध देण्याच्या रीतीची चाचणी तुम्ही हाती घ्या आणि तिच्यात मराठवाड्यातले रुग्ण घ्या. पीएसएसाठी रक्त परभणीत देता येतं. तेवढ्यासाठी कुणाला मुंबईला बोलावू नका.

आपला,
पिंगळीचा एक रहिवासी