पायीची वहाण

'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण आपल्या समाजाने माणसाला त्याची पायरी दाखविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. वहाण शिवणारा आणि वहाणेविना चालणारा, दोघेही तिच्या तडाख्यातून सुटले नाहीत. परंतु ज्याच्या तळपायाची संवेदनाच गेली आहे, त्याच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी करून दाखविण्याची गरज आहे. योग्य वहाण पायी असेल तर त्याचा पाय टिकतो. नसेल तर जखम होते, ती चिघळते, हाडापर्यंत पोहोचते आणि अखेर पाय कापावा लागतो. ३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशीच्या प्रतिज्ञा आणि प्रभातफेऱ्या आटोपल्यावर जो प्रश्न शिल्लक राहतो, तो या वहाणेचा आहे.

पनवेल तालुक्याला हा प्रश्न परका नाही. नेरे गावाजवळच्या शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीने सात दशकांहून अधिक काळ हे काम चालविले आहे. याच तालुक्यात मुंबई-गोवा रस्त्यावरील तारा या गावी युसुफ मेहेरअली सेंटरने आरोग्यसेवेचे काम उभे केले. त्या कामाचे आधारस्तंभ डॉ. जी. जी. पारीख वयाची शंभरी पूर्ण करून २ ऑक्टोबर २०२५ रोजी निवर्तले. दत्तपूर (१९३६), अमरावतीचे तपोवन (१९४६) आणि आनंदवन (१९४९) या महाराष्ट्राच्या परंपरेतच ही कामे बसतात. समाजाने गावाबाहेर काढलेल्या माणसाला माणूस म्हणून उभे करणे, हा त्या परंपरेचा गाभा आहे. आणि उभे राहायचे तर प्रथम पाय हवेत!

कुष्ठरोगात बोटे आणि पाय 'झडतात', हा समज अजूनही सुशिक्षितांतसुद्धा आढळतो. तो चुकीचा आहे. रोगाचे जंतू मज्जातंतूंवर आघात करतात आणि त्यामुळे स्पर्श, उष्णता व वेदना कळेनाशा होतात. तळपायात खिळा घुसला तरी कळत नाही. तापलेल्या डांबरावर पाऊल पडले तरी मागे घेतले जात नाही. तुम्हीआम्ही चालताना पाय दुखू लागला की नकळत वजन दुसऱ्या पायावर टाकतो. या माणसाला तशी सूचना मिळतच नाही. तो त्याच जागेवर हजारो वेळा भार देत राहतो आणि घट्टा पडून त्याखाली जखम तयार होते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे १९४६ नंतरच्या काळात हातापायांच्या विकृतींचा अभ्यास करून हेच दाखवून दिले, की बहुतेक नुकसान वेदना हरपल्यामुळे होते आणि म्हणूनच ते टाळता येते.

टाळण्याचे साधन अत्यंत साधे आहे. सूक्ष्म पोकळ्यांच्या मऊ रबराचा आतला तळ, काटा-खिळा आरपार जाऊ न देणारा कठीण बाहेरचा तळ, टाचेमागे पट्टा, आणि कोठेही खिळा न ठोकलेली बांधणी. 'एम. सी. आर. चप्पल' म्हणून ती ओळखली जाते. मऊ तळामुळे शरीराचा भार एका बिंदूवर न राहता साऱ्या तळपायावर विभागला जातो. याच्या जोडीला रोज पाय तपासणे, पाण्यात भिजवून घट्टा हलकेच घासणे आणि तेल लावणे. या उपचाराला परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. शिवणारा कुशल हात, थोडे रबर आणि सातत्य लागते.

मग अडते कोठे? अडते ते शासनाच्या वहीत. १९८३ साली देशात बहुविध औषधोपचाराचा कार्यक्रम सुरू झाला आणि रोग निश्चित बरा होऊ लागला, ही फार मोठी गोष्ट घडली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु सहा किंवा बारा महिन्यांचे औषध संपले की रुग्णाचे नाव सक्रिय रुग्णांच्या यादीतून निघते. दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, या हिशेबाने डिसेंबर २००५ अखेर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून रोगाचे 'दूरीकरण' झाल्याचे जाहीर करण्यात आले. जंतू मेले, यादी आखूड झाली. परंतु मेलेला मज्जातंतू बहुधा परत येत नाही. वहीत जो बरा झाला, त्याचा पाय मात्र जन्मभर बधिर राहतो. शिवाय आजही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात, म्हणजे जगातील निम्म्याहून अधिक!

राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य चपलांची तरतूद आहे. प्रश्न तरतुदीच्या वृत्तीचा आहे. चप्पल ही 'वाटपा'ची वस्तू झाली आहे: समारंभ, पाहुणे, छायाचित्र. वस्तुतः ती औषधाची चिठ्ठी आहे. औषध जसे रुग्ण पाहून देतात, तशी चप्पल पाऊल मोजून द्यावी लागते. भातखाचरात, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबणाऱ्याची चप्पल लवकर झिजणार. ती तारीख पाहून नव्हे, तळ पाहून बदलली पाहिजे. आणखी एक गोष्ट अनुभवी कार्यकर्ते जाणतात. विशिष्ट घडणीची चप्पल दिसली की गाव रोग ओळखतो. म्हणून रुग्ण ती घरात ठेवून अनवाणी बाहेर पडतो. कलंकाच्या भीतीपुढे जखमेची भीती हरते.

या कोंडीतून वाट दाखविणारी वस्तुस्थिती दुसऱ्या बाजूने पुढे आली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेहाने बधिर झालेला पाय आणि कुष्ठरोगाने बधिर झालेला पाय यांची कहाणी अखेरच्या टप्प्यात एकच होते. मधुमेह्याने पाय फार वेळ भिजत ठेवू नये, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, रक्तपुरवठाही तपासून घ्यावा, असे काही भेद आहेत. परंतु भार विभागणाऱ्या पादत्राणाची गरज दोघांनाही सारखीच आहे. आज सधन मधुमेही खासगी दुकानातून ते विकत घेतो, आणि नाक्यावरचा हमाल मधुमेही रबरी सपाता घालून पाय गमावतो. रोग वर्ग पाहत नाही असे म्हणतात. उपचार मात्र वर्ग पाहूनच मिळतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात पाय-तपासणीचा दिवस असावा आणि कारण कोणतेही असो, बधिर पाय असलेल्या प्रत्येकाला मापाची, नेहमीच्या चपलेसारखी दिसणारी चप्पल हक्काने मिळावी. मधुमेही आणि कुष्ठमुक्त एकाच रांगेत बसले की कलंकाचे निम्मे विष उतरेल. ही पादत्राणे शिवण्याचे काम स्थानिक चर्मकारांना प्रशिक्षण देऊन द्यावे; संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ साली स्थापन झाले आहे, त्याला याहून सार्थ काम कोणते? पत्र्याच्या खोक्यावर बसून झिजलेले तळ सांधणारा कारागीर रुग्णालयाचा वेतनी तंत्रज्ञ व्हावा. पिढीजात कौशल्याला मिळालेला तो खरा सन्मान असेल.

पनवेल आज महापालिकेचे शहर आहे आणि २०२५ पासून विमानतळाचेही. आकाशमार्गाने येणाऱ्यांची सोय करणाऱ्या व्यवस्थेने जमिनीवरून चालणाऱ्यांच्या तळव्यांकडेही पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. दरम्यान कार्यकर्त्यांनी निवेदनांची वाट पाहत बसू नये. वाड्या-पाड्यांत आणि वस्त्यांत गेल्यावर माणसांच्या तोंडाकडे पाहून बोलतो, तसे एकदा त्यांच्या पायांकडेही पाहावे. संकोच न करता पाऊल हातात घ्यावे. जखम दिसली तर रुग्णालयापर्यंत सोबत जावे आणि चप्पल मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

पायीची वहाण पायीच बरी, हे खरे. पण ती प्रथम पायात तर पडू द्या.