आठ ट्रॅकचा ‘ऑक्सिजेन’

झाँ-मिशेल जार या फ्रेंच संगीतकाराचा ‘ऑक्सिजेन’ हा अल्बम १९७६ साली आला. त्यात गायक नाही, शब्द नाहीत. सहा भाग, सुमारे चाळीस मिनिटं आणि सिंथेसायझरचे आवाज. आज सलग ऐकला तरी शिळा वाटत नाही.

हा अल्बम पॅरिसमध्ये, जारच्या घरी, आठ ट्रॅकच्या टेप रेकॉर्डरवर बनला. आज लॅपटॉपवरचं फुकट सॉफ्टवेअरही याहून जास्त ट्रॅक देतं. त्याच्या ऱ्हिदम मशीनमधले ठेके ठरलेले होते. पठ्ठ्याने चिकटपट्टी लावून दोन बटणं एकदम दाबून ठेवली आणि तिसराच ठेका काढला! पुढे २००७ साली, हवं ते मिळत असतानाही, त्याने हा अल्बम जुन्याच अ‍ॅनालॉग वाद्यांवर पुन्हा वाजवला.

याला नुसता जुगाड म्हणू नका. त्याआधी पिएर शेफरच्या संस्थेत तो ध्वनीचे प्रयोग शिकला होता. यंत्रं मोजकी, पण प्रत्येकाची नस त्याला ठाऊक होती.

आपलं नेमकं उलटं. ‘लॅबमध्ये काहीच नाही राव’ म्हणून प्रोजेक्ट रखडवायचा, आणि आहे त्या ऑसिलोस्कोपची निम्मी बटणं फायनल इयरपर्यंत फिरवायचीच नाहीत. चांगली उपकरणं मागायलाच हवीत, तो आपला हक्क आहे. पण ती येईपर्यंत आहेत ती पूर्ण वापरायला कोणी अडवलंय?

मित्रांनो, आज मेसनंतर रूमचा दिवा घालवून ‘ऑक्सिजेन’ पूर्ण ऐका. उद्या लॅबमध्ये भेटूच!